मिलचिकची बाजू

‘सेव्हरन्स’च्या तिसऱ्या सीझनमध्ये हेलीला दिवस गेलेले असणार, ही थिअरी आमच्या चाकणच्या गाडीत सर्वांत आधी मी मांडली. जगात आणखी कुणाकुणाला ती सुचली असेल, तर त्यांचं त्यांना लखलाभ. चिंचवडच्या चापेकर चौकातून सकाळी सुटणाऱ्या आमच्या गाडीत मात्र ती माझ्या नावावर आहे, आणि कुणी ती स्वतःची म्हणून खपवायला लागलं की मी खिडकीकडे बघत नुसता खाकरतो.

‘सेव्हरन्स’ ही अमेरिकन मालिका म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. लुमन कंपनी डोक्यात चिप बसवते, मग लिफ्ट खाली गेली की घरचा माणूस पुसला जातो आणि वर आली की ऑफिसचा, एवढं ठाऊक असलं की पुरे. पहिला सीझन फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, दुसरा जानेवारी २०२५ मध्ये. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत माणसाने करायचं काय? थिअऱ्या. मार्च २०२५ मध्ये दुसराही संपला. नायक मार्क बायकोला जिन्याच्या दारापलीकडे सोडून ऑफिसातल्या हेलीचा हात धरून लाल कॉरिडॉरमधून पळाला आणि तिथेच आम्हाला वाऱ्यावर सोडलं. तिसरा येणार हे लगेच जाहीर झालं; कधी, ते काही सांगेनात. अशा वेळी देवाने आम्हाला तळेगाव चौक दिला. चाकणच्या त्या चौकात गाडी एकदा अडकली की लुमनचा संस्थापक कीअर ईगन याची वंशावळ निम्मी तपासून होते.

प्रत्येकाची थिअरी त्याच्या डिपार्टमेंटप्रमाणे निघते. स्टोअर्सवाल्याला शेळ्यांनी पछाडलंय. लुमनच्या तळघरात शेळ्या का पाळल्यात याचं उत्तर दुसऱ्या सीझनच्या शेवटी मिळालं म्हणे, बळी देण्यासाठी. त्याचं समाधान होत नाही. “एवढा चारा आत जातो, मग गेटवर इनवर्ड एन्ट्री कुठंय? जीआरएन कोण करतं?” क्वालिटीतल्या मॅडमना मार्कचं आकडे डब्यांत टाकणं बिलकुल गूढ वाटत नाही, ते सॉर्टिंग आहे, त्यांचा प्रश्न, रिजेक्शन जातं कुठे? मेंटेनन्सवाले काका फक्त लिफ्टबद्दल बोलतात. “साहेब, अख्खी कंपनी एका लिफ्टवर टांगलीय. दोन मजल्यांच्या मध्ये ब्रेकडाउन झाला तर आत कोण असणार, घरचा की कंपनीचा? आणि ओटी कुणाला द्यायचा?” डॅन एरिक्सनने ही मालिका रचली आणि बेन स्टिलरने तिचे बरेच भाग दिग्दर्शित केले, पण दोघांपैकी एकालाही हा प्रश्न सुचलेला दिसत नाही.

सर्वांत भक्कम थिअरी पेंट शॉपमधून आली. २०१६ साली झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ लागलं तेव्हा नाईकांच्या वाड्यात हे सगळं कोण करतंय, यावर याच गाडीत मारामारी व्हायची बाकी होती. २०१९ साली दुसरं पर्व आलं, तर ते पुढे जायच्या ऐवजी मागे गेलं. अण्णा नाईक जिवंत, वर शेवंता हजर! मग पहिल्या पर्वातलं कोडं कुणाला आठवतंय? “अमेरिकेतलेसुद्धा तेच करणार,” पेंट शॉपचं म्हणणं. “तिसऱ्या सीझनला कीअर ईगन तरुणपणी दाखवतील. आणि त्याला एक शेवंता आणतील.” यावर तोड नाही. मीही मनातून हादरलो, पण दाखवलं नाही.

उलट दुसऱ्या दिवशी तयारीनिशी आलो. लुमनची इमारत सेट नाही. न्यू जर्सीत होल्मडेलला बेल लॅब्जची जुनी इमारत आहे, ईरो सारिनेन या वास्तुविशारदाने रचलेली. ती उभी राहिली १९६२ साली. आणि आपली एमआयडीसी स्थापन झाली कधी? १९६२! मी गाडीभर नजर फिरवली. “योगायोग?” मी विचारलं. ड्रायव्हर सोडून सगळे झोपले होते, पण ड्रायव्हरने मान हलवली. वळण घेत होता, तरी हलवली.

परदेशातल्या प्रेक्षकाला ही मालिका भयाण वाटते म्हणे. आम्हाला ती ओळखीची वाटते. लिफ्ट चिठ्ठीवरची अक्षरं पकडते तिथे आमच्याकडे गेटवर सिक्युरिटीवाला मोबाइलच्या कॅमेऱ्यावर गोल स्टिकर चिकटवतो. दुनिया रविवारी सुट्टी घेते तेव्हा पिंपरी-चिंचवडचे कित्येक कारखाने चालू असतात, कारण विजेचा भार वाटून घ्यायला इथे गुरुवार ठरलेला. नातेवाइकांची लग्नं रविवारी आणि आम्ही गुरुवारी रिकामे. घरचा माणूस आणि कंपनीचा माणूस यांची भेट न होण्याची सोय आमच्याकडे चिप न बसवता झालेली आहे.

पण लुमनची गिफ्टं बघून मला खरोखर कीव आली. बोटं अडकवायची नळी! स्वतःचं व्यंगचित्र! फारच चांगलं काम केलं तर वॉफल! हॉलिवूडच्या लेखकांना वाटतं, ही मोठी अतिशयोक्ती झाली. त्यांनी आमच्या दिवाळी गिफ्ट कमिटीत एक दुपार बसावं. मी एचआरमधला, त्यामुळे कमिटीत कायमचा. युनियनचे दोघं, मॅनेजमेंटचे दोघं आणि पिंपरी कॅम्पातला व्यापारी, ज्याच्याकडे कुठल्याही वस्तूचं ‘याच्यात अजून भारीतलं’ असतं. पूर्वी स्टीलचे डबे चालत. मग कॅसरोल आले. कॅसरोलचा काळ मोठा वैभवाचा. झाकण फिरवून नीट बसतं का, हे युनियनचे अध्यक्ष स्वतः डोळे मिटून, बोटांनी तपासत. पोळ्या किती मावतात यावर एकदा बोलणी फिसकटली, कारण मॅनेजमेंटने पोळ्या मोजल्या होत्या आणि युनियनने भाकरी. पाण्याच्या कूलर जगची मजबुती पाहायला एका प्रतिनिधीने तो पालथा घालून त्यावर बसून दाखवलं आणि बसल्या बसल्याच दर पाडून घेतला. पुढे भिंतीवरची घड्याळं दिली. ती घरोघरच्या बायकांनी नाकारली, कंपनीची वेळ घरात नको म्हणून. मग आल्या ट्रॉली बॅगा.

सर्वांत मोठा तंटा लोगोचा. मॅनेजमेंटला तो ठळक हवा, घरच्यांना तळाशी. तोडगा म्हणून आम्ही बाजूला देतो, म्हणजे दोघंही नाराज. चिंचवडात कुणाच्या घरी सत्यनारायणाला जा, पाण्याचा जग कुठल्या कंपनीचा आहे ते आधी बघा, मग तीर्थ घ्या. मुलगी दाखवायला नेलेल्या घरात पोहे कुठल्या भांड्यातून आले, यावरून मुलाचा बाप परमनंट होता की नव्हता हे आमच्या मावशी बैठकीतच सांगतात. आणि त्या कधी चुकत नाहीत, कारण उतरंड पक्की आहे: परमनंटला बॅग, ट्रेनीला अर्धा किलो सोनपापडी, काँट्रॅक्टरकडच्या मुलांना पाव किलो. वजनं मीच ठरवली आहेत. बजेटमध्ये बसवायला लागतं.

मुद्दा गिफ्टांचा नव्हता... थिअरीचा होता. तर आकुर्डीला इंजिनिअरिंग करणारी आमची कन्या माझ्याबरोबर मालिका बघते. एका रात्री मी हळवा होऊन म्हणालो, “हा मार्क म्हणजे अगदी मीच गं. साधा, हुशार, दबलेला. आत कुठेतरी बंडखोर.”

तिने मालिका थांबवली. “बाबा, तू मार्क कुठला? वाढदिवसाचा केक कोण आणतं? वार्षिक समारंभाला लाइनवरच्या दमलेल्या मुलांना नाचायला कोण लावतं? कुणाला काढायचं असलं की हसत हसत केबिनमध्ये कोण बोलावतं? तू मिलचिक आहेस.”

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, “अहो, मोटरसायकल तेवढी नाही तुमच्याकडे!” आणि मायलेकी बराच वेळ हसत राहिल्या.

त्या रात्री मी ठरवलं की मिलचिकवर, म्हणजे मार्कच्या मजल्यावरच्या त्या मॅनेजरवर, फार अन्याय झालाय. जितका विचार करावा तितका तो दिसायला लागला. दुसऱ्या सीझनमध्ये त्याचं अप्रेझल आठवा. आरोप काय, तर मोठमोठे शब्द वापरतो आणि कागदाला क्लिप उलटी लावतो! मग बिचारा आरशासमोर उभा राहून आपलंच वाक्य छाटत छाटत एका शब्दावर आणतो. हे मी भोगलेलं आहे. नोटीस बोर्डावर मी लिहीत असे, ‘समस्त कर्मचारी बंधुभगिनींस सविनय कळविण्यात येते की, अपरिहार्य कारणास्तव उद्या उपाहारगृहाची सेवा खंडित राहील.’ वरून लाल पेनाने फिरून आलं, ‘कँटीन बंद.’ त्या दोन शब्दांखाली सही माझी आहे, पण त्यात मी नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅमेल टिलमनला मिलचिकच्याच भूमिकेसाठी एमी मिळालं. नाट्यमालिकेतल्या सहायक अभिनेत्याचा तो मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय अभिनेता. मी गाडीत पेढे वाटले. लोकांना वाटलं कन्येचं लग्न ठरलं. मी माझी नवी थिअरी जाहीर केली: तिसऱ्या सीझनचा नायक मिलचिक. बँडवाले, शेळ्यांवाले, खालचे सगळे एका बाजूला आणि चाव्यांचा जुडगा याच्याकडे. दार उघडणार तो हाच. चुलत्याची बाजू कोर्टात मांडावी तशी मी ती मांडली. क्वालिटीतल्या मॅडम ऐकून घेऊन म्हणाल्या, “पण दोन सीझनमध्ये त्याने एक तरी दार आपणहून उघडलंय का?”

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात कंपनी आली.

महिन्याच्या अखेरीला माझ्या कॉम्प्युटरवर एक यादी येते. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यात वर्षात २४० दिवस भरले की माणसाची नोकरी सलग मानायची असं होतं (२०२५ अखेर त्याच्या जागी नवी संहिता आली, आकडा तोच राहिला), मग त्याला काढताना नोटीस, भरपाई, सगळं आलं. कामगाराच्या भल्यासाठी घातलेला आकडा. चाकणपासून भोसरीपर्यंत तो आकडा वाचायची रीत अशी, की सात महिने झाले की पोराला ब्रेक द्यायचा. यादीत नावं असतात, टोकन नंबर असतात आणि भरत आलेले दिवस असतात. मी एकेकाला बोलावतो. थोड्या दिवसांनी त्यातलाच एखादा दुसऱ्या काँट्रॅक्टरकडून परत येतो, नव्या टोकन नंबरवर. मी त्याला पुन्हा आग लागल्यावर कुठल्या दारातून पळायचं ते दाखवतो, सुरक्षेची शपथ देतो. मी ‘वेलकम’ म्हणतो, तो ‘थँक्यू सर’ म्हणतो. दोघांनाही एकमेकांचं नाव पाठ असतं आणि दोघंही पहिल्यांदा भेटत असतो. लिफ्ट नाही, चिप नाही. माझ्या सहीवर होतं. या गोष्टीचा मला राग येतो हे मी कुणाला सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न काय येणार ते मला माहीत आहे.

मागच्या यादीत लातूरकडचा एक फिटर होता. आयटीआय केलेला, मोशीला कॉट बेसिसवर राहणारा. हात असा की मेंटेनन्सवाले काकासुद्धा त्याच्याकडून बेअरिंग बसवून घेत. फुल अँड फायनलच्या कागदांवर सह्या करायला तो माझ्यासमोर बसला. कपाटात उरलेली एक ट्रॉली बॅग होती, ती रजिस्टरला ‘डॅमेज’ दाखवून मी त्याला दिली. मिलचिकनेही हेच केलं असतं. बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, मोबाइलवर काय बघतोस? तर म्हणाला, ‘सेव्हरन्स’. रूममधल्या पोरांबरोबर. मला भरून आलं. मी खुर्ची पुढे घेतली आणि तिसऱ्या सीझनबद्दल त्याची थिअरी विचारली.

तो बॅगेची चाकं हाताने फिरवून बघत होता. “थिअरी नाही सर, पण एक कळंना. ती चौघं परमनंटच आहेत की. एसीत बसून काम, वर खरबूज कापून देतात. मग पळायलेत कशाला?”

मी काही बोलायच्या आत त्याने विचारलं, पीएफचा फॉर्म इथेच द्यायचा की काँट्रॅक्टरकडे? काँट्रॅक्टरकडे, मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तळेगाव चौकात गाडी अडकल्यावर ही थिअरी मी माझी म्हणून सांगितली. गाडी हसून हसून लोटपोट झाली, ड्रायव्हरनेसुद्धा मागे वळून दाद दिली. स्टोअर्सवाला म्हणाला, आजवरची सगळ्यात भारी हीच. मेंटेनन्सवाले काका डोळे पुसत म्हणाले, “साहेब, तुम्ही यावर कुठंतरी लिहायला पाहिजे.”