मालकांचं लॉन

सोलापूरच्या भवानी पेठेत ज्याच्या नावावर पाच-सहा पत्र्याच्या खोल्या आहेत, त्याचा दिवस पहाटे नळापाशी सुरू होतो. पाणी येतं चार-पाच दिवसांआड, पण मालक उठतात रोज. न आलेल्या पाण्यावरही नजर ठेवावी लागते. अंगात बंडी, कानावर पेन, खिशात वही. त्या वहीत भाड्याचे आकडे कमी आणि भाडेकरूंचे अपराध जास्त. 'दोन नंबर : पाहुणे मुक्कामी. मोटर जादा.' मालकांच्या लेखी माणसांना नावं नसतात, खोलीचे नंबर असतात.

मालक खर्चाला भीत नाहीत, तो आपल्या नावावर पडण्याला भितात. पत्रा गळतोय म्हणून सांगायला जा, ते आधी आभाळाकडे बघतात. "सोलापुरात पाऊस असतोय किती? चार दिवस बादली ठेवा की!" पाचव्या दिवशी पाऊस थांबतो. दुरुस्ती झाली. भिंतीला पोपडे धरले तर त्यावर देवाचं कॅलेंडर येतं. एका खोलीत तेहतीस कोटींपैकी बरेच जण जमलेत.

कायद्यावर मात्र मालकांची श्रद्धा आहे. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे वर्षाला 4 टक्के भाडं वाढवता येतं, हे त्यांना झोपेतही आठवतं. दुरुस्ती मालकाने करायची, लेखी नोटीस देऊन 15 दिवसांत केली नाही तर भाडेकरूने स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत रक्कम वळती करून घ्यावी, हेही त्याच कायद्यात आहे. मालकांच्या प्रतीत ती दोन पानं एकमेकांना चिकटली असावीत. प्राप्तिकरात घरभाड्याच्या उत्पन्नावर 30 टक्के वजावट मिळते आणि दुरुस्ती खरंच केली का, हे कुणी विचारत नाही. हा नियम करणारा इसम भवानी पेठेतलाच, अशी मालकांची खात्री आहे.

तर असे हे मालक मुलाकडे टेक्सासला जाऊन आले. मुलगा तिथे भाड्याने राहतो. घरापुढचं गवत भाडेकरूनेच कापायचं, असं करारात लिहिलेलं. वाढू दिलं तर नगरपालिकेचा दंड वेगळा. अख्ख्या अमेरिकेत मालकांना मनापासून पटलं ते एवढंच.

आल्या आल्या त्यांनी खोल्यांपुढच्या 20 बाय 10 फुटांतली हरळी उपटायला लावली आणि नर्सरीतून लॉन आणून अंथरलं. खर्च भागिले सहा. शिवाय पाटी : 'गवतावर बसू नये.' त्याच जागेत चार नंबरच्या अक्का आणि शेजारणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. त्या आता उंबऱ्यावर गेल्या. पोरांचं क्रिकेट रस्त्यावर गेलं. गवत तेवढं सुखात राहिलं, तेही एप्रिलपर्यंत.

मे महिन्यात सोलापूरचा पारा 43च्या पुढे जातो. अशा उन्हात लॉनला चौरस मीटरमागे रोज चार-पाच लिटर पाणी लागतं, म्हणजे या तुकड्याला पाच-सहा घागरी. उजनीहून शंभरेक किलोमीटर नळातून आलेलं पाणी मालक पाळी लावून गवतावर ओतवू लागले. सोमवार एक नंबर, मंगळवार दोन नंबर. अक्कांनी एकदा सूप बाजूला ठेवून विचारलं, "गवताला पाजायलाव मालक, आम्ही काय प्यावं?" मालकांनी वहीत लिहिलं : 'चार नंबर : उलट बोलणे.'

मृग लागेपर्यंत लॉन वाळून चहाच्या चोथ्यासारखं झालं. पहिल्या पावसात त्यातून वर आली ती आपली हरळी. हिलाच परदेशात बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि पैसे मोजून लावतात. मालकांना हे कुठूनसं कळलं. तेव्हापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमच्याकडं बर्म्युडा हाय" म्हणून दाखवतात. गणपतीत पोरांनी दूर्वा खुडल्या, तर वहीत नवा रकाना पडला : 'बर्म्युडा, जुड्या 21.' देवाच्या नावावर लिहायचं की भाडेकरूच्या, एवढंच ठरत नव्हतं.

सध्या तीन नंबरची खोली रिकामी आहे. बघायला जाणार असाल तर भर पावसात जा, अंगणाकडे बघू नका, वर पत्र्याकडे बघा. आणि भाड्याची पावती दर महिन्याला मागून घ्या. कायद्याने ती द्यावीच लागते.