किती सीसी?

येडशीत कुणी झुडपं काढायचं यंत्र घ्यायचं म्हटलं, की पारावर तज्ज्ञांना तोटा नसतो. पहिला प्रश्न, "किती सीसी?" दुसरा, "ॲव्हरेज किती?" जणू त्याच्यावर बसून बार्शी गाठायचीय. पातं कुठलं, हे मात्र कुणी विचारत नाही. गवताला नायलॉनची दोरी, जाळीला तीन दातांचं पातं, मनगटाएवढ्या खोडाला गोल करवत, एवढं सांगेपर्यंत मंडळी तंबाखू मळायला लागलेली असतात. दोन्ही खांद्यांचा पट्टा? "उगाच वजन." डोळ्यांपुढची जाळी? "गॉगल हाय की." बहुतेक नव्या टू-स्ट्रोक यंत्रांना पेट्रोलच्या लिटरमागे २० मिली ऑइल मोजून लागतं, आपल्याकडं ते अंदाजपंचे पडतं. माणसं १५ मीटर लांब ठेवा, असं पुस्तिका सांगते. बघे पाच फुटांवरून सूचना देतात.

ज्या झुडपासाठी हे सगळं, ती घाणेरी निर्धास्त असते. इंग्रजी अमदानीत शोभेसाठी आणलेली ही पाहुणी वरून छाटली की बुंध्यातून पुन्हा जोमानं फुटते. दरसाल छाटणी, दरसाल बिल. गैरसोय कुणाचीच नाही.

आणि शेजारचं रामलिंग घाट अभयारण्य १९९७ पासूनचं आहे. तिथं पातं फिरवायला वनखात्याची परवानगी लागते, हे सीसीच्या चर्चेत राहूनच जातं.

घ्यायचंच असेल तर पातं, पट्टा आणि सुटे भाग देणारं दुकान आधी बघा. शिवाय एक कुदळ घ्या. घाणेरी जमिनीखालून, मुळाशी तोडावी लागते आणि ते या यंत्राचं काम नव्हे.