पट्टा न बांधता बीपी लिहिणाऱ्यास खुले पत्र



तुमचं अक्षर फार सुबक आहे. गरोदर बाईच्या कार्डावर सातव्या महिन्यात १२०/८०, आठव्यात १२०/८०, नवव्यातही १२०/८०. राहिलं ते एवढंच, की तिच्या दंडाला पट्टा बांधला नाही.

तुम्ही उल्हासनगरात बसत असाल, अंबरनाथमध्ये किंवा बदलापुरात. समोरची बाई स्टेशनचा पूल चढून-उतरून आलेली असते, चपलेचा पट्टा सुजलेल्या पावलात रुतलेला असतो. ‘‘डोकं ठणकतंय,’’ असं ती हळूच सांगते. तुम्ही मान वर न करता ‘‘होतं असं’’ म्हणता आणि पुढचीला हाक मारता.

नाही, नेहमी ‘होतं असं’ नसतं. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेलं, तर ते पुन्हा मोजावं लागतं आणि लघवीतली प्रथिनं तपासावी लागतात. पुष्कळ जणींना आधी काहीच जाणवत नाही. त्यांचा धोका पट्टा बांधल्याशिवाय कळतच नाही. आकडा १६०/११० वर गेला तर तासही दवडता येत नाही. बीपी उतरवायला लॅबेटॅलॉल, निफेडिपिनसारखी औषधं आहेत, झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रिया होत्या. मॅग्नेशियम सल्फेटनं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. पण ते कुणाला द्यायचं हे डॉक्टर ठरवतात तुमच्या आकड्यावरून. तोच खोटा असेल तर कपाटातली इंजेक्शनं काय कामाची?

गर्दी असते, मान्य. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची रांग लांबते. तरी तिला पाच मिनिटं बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर ठेवून मोजा. आकडा जास्त आला तर ‘जिना चढून आली’ म्हणून सोडून देऊ नका, पुन्हा मोजा. गुंतागुंत वाढली की इथल्या बाईला अनेकदा कळव्याचं किंवा मुंबईचं रुग्णालय गाठावं लागतं. वाटेत जाणारा तो वेळ तुमच्या दोन मिनिटांनी वाचला असता.

न मोजता लिहिलेला आकडा म्हणजे निव्वळ हयगय नाही, तो आई आणि बाळ दोघांच्याही जिवाशी केलेला खोटेपणा आहे.

आणि बायांनो, कार्डाआधी दंड पुढे करा. आकडा विचारा, मोजला नसेल तर खुर्ची सोडू नका. डोकं ठणकायचं थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी आली, बरगडीखाली दुखलं किंवा चेहरा-हात एकाएकी सुजले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. झटका आला तर १०८ ला फोन करा. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही हीच काळजी घ्या.