कोणी कोणाचा आवाज ऐकायचा

खाली पिठाची गिरणी, तिच्या डोक्यावर बिऱ्हाडं, कोपऱ्यात खानावळ आणि मागच्या खोलीत कुणाची तरी पेटी. गिरगावात किंवा सदाशिव पेठेत वाढलेल्यांना हे नवं नाही. अशा घरांतून सुटका व्हावी म्हणून माणसं उपनगरांत गेली. आता तिथल्याच नव्या टॉवरच्या माहितीपत्रकात 'खाली दुकानं, वर घरं' ही मोठी सोय म्हणून छापतात आणि तिचे वेगळे पैसे लावतात.

अशीच सरमिसळ नीट जमवलेलं 'हाकेशे होफे' नावाचं एक प्रकरण बर्लिनमध्ये हाकेशर मार्क्टजवळ उभं आहे. १९०६ साली ते खुलं झालं. एकामागे एक असे आठ चौक. आपला वाडाच, फक्त दोन-तीन चौकांवर न थांबलेला. त्याआधीच्या बर्लिनचे चौक फार उदार नव्हते. १८५३ च्या नियमाप्रमाणे चौक निदान ५.३४ मीटर लांब-रुंद हवा, कारण तेवढ्यात आगीचा बंब वळतो. बंब वळला की नियम संपला. त्या चौकात ऊन वळतं का, हे कुणी विचारलं नव्हतं.

कुर्ट बेर्न्ट या बांधकाम व्यावसायिकाने मात्र वेगळा विचार केला. वाड्यात माणूस किती जवळचा, त्यावर त्याला कितव्या चौकापर्यंत येऊ द्यायचं ते ठरे. बेर्न्टने साधारण तोच हिशेब आवाजाला लावला. रस्त्यालगत समारंभाची दालनं आणि खाणंपिणं, त्यामागे कचेऱ्या आणि कारखाने, आणि सगळ्यात आत, शांततेत, घरं. त्या घरांना बाल्कनी होत्या, न्हाणीघरं होती. (हे गणित ढोलपथकापुढे टिकलं असतं का? आठ चौकही कमी पडले असते.)

पहिल्या चौकाच्या भिंती आउगुस्ट एन्डेलने रंगीत चकचकीत विटांनी सजवल्या. हा गृहस्थ शिकला तत्त्वज्ञान; वास्तुकला त्याने आपली आपणच आत्मसात केली. तरीही भिंती अजून उभ्या आहेत, ही तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना दिलासा देणारी गोष्ट आहे.

मग युद्ध आलं, मग पूर्व जर्मनी. रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीवरची नक्षी उतरवली गेली. १९७७ मध्ये इमारतीला वारशाचा दर्जा मिळाला, पण दर्जाने छप्पर गळायचं थांबत नाही, हे आपल्याला सांगायला नको. बर्लिनची भिंत पडल्यावर, १९९१ मध्ये, जुन्या दालनात 'कामेलेऑन' नावाचा रंगमंच सुरू झाला, आणि त्याच दशकात सगळ्या चौकांचा जीर्णोद्धार झाला. विशेष म्हणजे घरं घरंच राहिली. सगळं हॉटेल करून टाकण्याचा मोह कुणाला झाला नसेल असं वाटत नाही. पण मागच्या चौकांत आजही कपडे वाळतात म्हणून पुढच्या चौकाला शोभा आहे.

बदललं ते दुकानांचं रूप. कारखान्यांच्या जागी डिझायनर आले, आणि टोपीवाला 'आम्पेलमान' आला. पूर्व जर्मनीच्या पादचारी सिग्नलवरचा हा माणूस कार्ल पेग्लाऊने १९६१ मध्ये आखला. एकीकरणानंतर त्यालाही हटवायला निघाले होते, लोकांनी वाचवला. आता तो इथल्या दुकानात कपांवर आणि सदऱ्यांवर विकला जातो. अख्खा देश गेला, पण त्याच्या सिग्नलवरचा माणूस शहराच्या मध्यात भाडं भरून राहतोय.

शेजारीच, ३९ क्रमांकाला, 'हाउस श्वार्त्सेनबेर्ग' आहे. तिथे कुणी डागडुजीचा अतिरेक केलेला नाही. आत ओटो वाइट यांच्या ब्रश कारखान्याचं संग्रहालय आहे. नाझी काळात त्यांनी अंध आणि बहिऱ्या ज्यू कामगारांना याच जागेत वाचवायचा प्रयत्न केला. चौकातलं प्लास्टर सुटलेलं, भिंती चित्रांनी माखलेल्या. पर्यटक तिथे रांगेने फोटो काढतात. मुंबईत अशा भिंतीवर महापालिका आधी सी-१ ची, म्हणजे अतिधोकादायक इमारतीची, नोटीस चिकटवते, आणि मग तिच्याखाली रहिवाशांची सभा सुरू होते.