माजी पदांचे गाव

ट्युनिशियाच्या वाळवंटालगत गफसा नावाचे खजुराच्या बागांचे गाव आहे. पाण्याचे झरे आहेत म्हणून गाव आहे, नाहीतर आजूबाजूला कोरडा ठणठणाट. रोमन लोक याला काप्सा म्हणत. इ.स.पू. १०७ मध्ये मारियस या सेनापतीने ते जाळले. गाव चिवट, पुन्हा वसले. इ.स. २५६ मध्ये कार्थेजला धर्मसभा भरली, तेव्हा काप्साचे बिशप दोनातुलस तिथे हजर होते. पुढे राज्ये बदलली, धर्म बदलला, बिशप गेले आणि धर्मपीठही गेले.

गेले म्हणजे गावातून गेले, रोमच्या दप्तरातून नव्हे. कॅथलिक चर्च अशी बुडालेली पीठे नावापुरती जिवंत ठेवते. एखाद्याला बिशप तर करायचे आहे, पण सोपवायला धर्मप्रांत नाही, उदाहरणार्थ तो सहायक बिशप आहे किंवा पोपचा राजदूत आहे, तर त्याला अशा एखाद्या गावाची बिशपकी देतात. पदवी काप्साची, खुर्ची भलत्याच देशात, आणि खुद्द गावाला पत्ता नाही. पगारपत्रकावर नाव ठेवून माणसाला घरी बसवायची विद्या आपल्या कचेऱ्यांनाही येते. पण अख्खे गाव पटावर ठेवायचे म्हणजे छाती पाहिजे.

मला ही व्यवस्था मनापासून आवडते, आणि ती आवडली की डोळ्यांसमोर वाशिम येते. माजी पदांच्या बाबतीत वाशिमचा हात धरणारे गाव विदर्भात सापडणे कठीण.

पहिले पद राजधानीचे. चौथ्या शतकात वाकाटक राजघराण्याची एक पाती वेगळी झाली. प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशिम, इथे राजधानी केली. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती. त्याचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशिमलाच सापडला. राज्यवर्ष ३७, दान दिलेले गाव नांदेडच्या बाजूचे, घेणारे अथर्ववेदी ब्राह्मण. यातली गंमत अशी की राजाचे खानदान सांगायचे ते संस्कृतात, आणि व्यवहाराची कलमे आली की भाषा प्राकृत. कलमेही बघण्यासारखी आहेत. या गावात सैनिक शिरणार नाहीत, आणि आल्यागेल्यांना खाटा व पाण्याची भांडी पुरवायची सक्ती गावावर असणार नाही. साहेबाचा मुक्काम पडला की गावाची काय धावपळ होते, हे सोळाशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाला नीट ठाऊक होते. याच घराण्यातल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची सोळावी आणि सतरावी लेणी झाली. सोळावे तर त्याचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतले. पर्यटक अजिंठा पाहून छत्रपती संभाजीनगरला परततात. अजिंठ्याच्या मालकांचे गाव पाहायला कोणी येत नाही.

दुसरे पद वाङ्मयीन. राजशेखर या संस्कृत कवीने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचे साहित्यविद्येशी लग्न लावून दिले. स्थळ निवडले वत्सगुल्म. सर्वसेन राजा स्वतः प्राकृतात काव्य लिहीत असे. ते ‘हरिविजय’ आज हरवले आहे, इतरांनी केलेल्या उल्लेखांवर त्याची कीर्ती टिकून आहे. म्हणजे साहित्याचे मंगल कार्यालय वाशिमला होते. त्याचे भाडे मात्र वाशिमला कधी मिळालेले दिसत नाही.

तिसरे पद ऐकून तर वाशिमकराची छाती फुगायला हवी. भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहला’त पृथ्वीची मध्यरेखा सांगितली. लंकेपासून निघून कांची, वत्सगुल्म, उज्जयिनी, कुरुक्षेत्र करत ती मेरूला पोचते. वाशिमचे मध्यमेश्वराचे देऊळ या रेखेची साक्ष म्हणून दाखवतात. आता नकाशा उघडून बसले तर उज्जैन आणि वाशिम यांच्यात दीडेक अंशाचा फरक निघतो. वेळेत सांगायचे तर पाच-साडेपाच मिनिटे. एवढा उशीर आपल्याकडे एसटीही मोजत नाही, आपण कशाला मोजावा!

चौथे पद अगदी सरकारी. इंग्रजांच्या वऱ्हाडात वाशिम जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला आणि वाशिमकर अकोल्याच्या कचेरीत खेटे घालू लागले. १ जुलै १९९८ ला जिल्हा परत मिळाला. त्र्याण्णव वर्षे. गेलेले पद परत मिळाल्याचा दुसरा दाखला कल्याणचा. सहाव्या शतकात कॉस्मस या व्यापारी प्रवाशाने लिहून ठेवले की कल्लियाना इथे इराणात नेमणूक झालेला बिशप असतो. हे गाव म्हणजे कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १९८८ मध्ये कल्याणला सिरो-मलबार चर्चचा धर्मप्रांत झाला. वाशिमकरांनी मनाला लावून घेऊ नये, नव्वदीत काम झाले म्हणजे लवकरच झाले.

वाशिमला स्वतःचा बिशप नाही. इथले कॅथलिक १९५५ मध्ये झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतात. पण धर्मपीठाची गादी जिल्ह्यात नव्हतीच असे कोणी म्हणू नये. कारंज्याला जैन भट्टारकांच्या गाद्या होत्या. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ, तिघांची तीन मंदिरे एकाच गावात. भट्टारक म्हणजे संन्यासी खरा, पण त्याला गादी, पालखी आणि लांबवरचा शिष्यपरिवार. गाद्या आज रिकाम्या आहेत. त्यांच्यामागे राहिल्या त्या पोथ्या. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये छापली आणि कारंज्याच्या भांडारांकडे विद्वानांचे लक्ष गेले. १९३१ मध्ये प. ल. वैद्यांनी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ संपादून कारंज्याच्याच ग्रंथमालेत काढले. अपभ्रंश भाषेचे हे धन शतकानुशतके फडक्यांत बांधून होते, आणि ते राखणारे बहुधा कापसाच्या भावाची चर्चा करत असावेत.

राहिले पाणी. वाशिम पठाराच्या माथ्यावर आहे. जिल्ह्याच्या एका अंगाचे पाणी पैनगंगेला मिळून गोदावरीकडे जाते, दुसऱ्या अंगाचे काटेपूर्णेतून तापीकडे. काटेपूर्णा तर वाशिमजवळच्या काटा गावापाशीच उगम पावते. पाऊस पडतो आणि दोन्हीकडून निघून जातो, गावाने अडवावे तेवढेच गावाचे. म्हणून या गावाने तळी आणि कुंडे केली. परंपरा त्यांचा आकडा १०८ सांगते. त्यांतले पद्मतीर्थ विष्णूने निर्माण केले असे म्हणतात. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या पदरच्या भवानी काळूंनी बालाजीचे देऊळ बांधले, त्याच्याजवळही तळे आहे. गफशाला झरे मिळाले, वाशिमला फावडे घ्यावे लागले, एवढाच दोन गावांतला फरक.

सगळी पदे परत मागावीत असे माझे म्हणणे नाही. राजधानी आता सांभाळवणार नाही, आणि लग्नाचे हॉल गावात पुष्कळ झाले. मध्यरेखेचे मात्र बोलले पाहिजे. ती १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचला देण्यात आली आणि वाशिमला साधी नोटीसही निघाली नाही. निदान मानद मध्यरेखा म्हणून तरी नोंद ठेवा, असा अर्ज कोणी लिहिणार असेल तर त्याने जरूर लिहावा. सोबत पद्मतीर्थातला गाळ उपसण्याचा अर्जही जोडावा, आणि दोन्हींतला एकच मंजूर होणार असेल तर गाळाचा होऊ द्यावा.