जीर्ण रेडिएटरचे विसर्जन व नव्याची प्रतिष्ठापना

कोणत्याही शास्त्रीय ग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगाव्यात असा जुना दंडक आहे, आणि ब्रिटनमधील राहत्या घरातला जुना रेडिएटर काढून त्या जागी नवा बसवण्याच्या शास्त्रालाही तो लागू करण्यास हरकत नसावी. विषय उघड आहे. प्रयोजन म्हणजे हिवाळ्यात घर उबदार राहावे हे. मात्र भिंतीला नवा रंग दिल्यावर जुना रेडिएटर डोळ्यांत खुपू लागतो, हेच खरे प्रयोजन बहुसंख्य घरांत आढळते. संबंध हा या शास्त्राचा गालिच्याशी असतो, आणि त्याचे विवेचन पुढे यथावकाश येईल. राहता राहिला अधिकारी. ज्या गृहस्थाने रविवारी सकाळी ‘त्यात काय एवढं, दोन नट तर सोडवायचे’ हे वाक्य घरातल्या सर्वांसमक्ष उच्चारले आहे, तोच या शास्त्राचा अधिकारी समजावा. हा अधिकार एकदा प्राप्त झाल्यावर परत करता येत नाही.

ज्यांचा थंडीशी संबंध शालीपुरता येतो अशा वाचकांसाठी यंत्रणेचे स्वरूप आधी सांगणे इष्ट. ब्रिटिश घरात स्वयंपाकघराच्या एखाद्या कपाटात बॉयलर असतो. तो बहुधा गॅसवर पाणी तापवतो, पंप ते पाणी साधारण १५ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरवतो, आणि भिंतीवर टांगलेल्या पोकळ पोलादी पत्र्यात, म्हणजे रेडिएटरमध्ये, आपली उष्णता सोडून ते पाणी पुन्हा बॉयलरकडे परतते. तेच ते पाणी वर्षानुवर्षे फिरत असते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा बराचसा अनर्थ तिच्यातून उद्भवतो. या उपकरणाचे जनकत्व १८५०च्या दशकात सेंट पीटर्सबर्गमध्ये कारखाना चालवणाऱ्या, जन्माने प्रशियन असलेल्या फ्रांत्स सान-गाली यांना दिले जाते. रशियातल्या हिवाळ्यात हे सुचावे यात नवल नाही. नवल हे की सामान्य ब्रिटिश घरात ते रुळायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि तोवर तिथला माणूस एका शेगडीभोवती बसून उरलेले घर गारठू देत असे व त्याला शिस्त म्हणत असे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे आहे, म्हणजे मराठी संसारालाही त्या शिस्तीचा अनुभव रेडिएटर येण्याच्या आधीपासूनचा आहे.

उपकरण बदलण्यापूर्वी ते खरोखर बिघडले आहे काय, याचा निर्णय करावा. रेडिएटरमागच्या नागमोडी पत्र्यांत शिरलेली गार हवा तापून वर जाते आणि तिच्या जागी खालून दुसरी येते. खोली मुख्यतः या फिरत्या हवेने तापते. असे असता रेडिएटरला पाठ लावून तीन माणसांचा सोफा ठेवणे, वरून जमिनीपर्यंत पडदा सोडणे, आणि उरलेल्या जागेवर ओले टॉवेल वाळत घालून ‘हा मेला तापतच नाही’ असे म्हणणे, हा प्रघात सर्वत्र आहे. कित्येक रेडिएटर सोफा दोन वीत पुढे ओढल्याने बरे झालेले आहेत. वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल तर आत हवा अडकलेली असते, आणि ती काढायला चिमटीत मावणारी एक छोटी चावी पुरते. उलट वरचा भाग गरम आणि तळ मध्यभागी गार असेल तर आत गाळ साचलेला असतो. तळाच्या शिवणीवर रंगाचे फुगे येऊन त्यांतून तपकिरी थेंब पडू लागले, तर मात्र विसर्जनाचा मुहूर्त पाहावा.

नव्याच्या निवडीत ११, २१ आणि २२ असे आकडे भेटतात. पहिला अंक पाण्याने भरलेल्या पत्र्यांची संख्या सांगतो आणि दुसरा नागमोडी पत्र्यांच्या रांगांची, एवढाच त्यांचा अर्थ. वॉटचा आकडा मात्र जपून वाचावा. तो युरोपीय मानकानुसार, पाणी ७५ अंशांवर आत शिरते, ६५ अंशांवर बाहेर पडते आणि खोली २० अंशांवर आहे, म्हणजे दोहोंत सरासरी ५० अंशांचे अंतर आहे, असे धरून छापलेला असतो. घरात हीट पंप असेल, किंवा काटकसरीसाठी बॉयलर मंद ठेवला असेल आणि हे अंतर ३० अंशांवर आले, तर छापील दोन हजार वॉटचे प्रत्यक्षात हजारच भरतात. शिवाय २००५ पासून इंग्लंडमध्ये नव्या गॅस बॉयलरसाठी जो कंडेन्सिंग प्रकार सक्तीचा झाला, म्हणजे धुरातल्या वाफेचे पाणी करून तिचीही उष्णता वसूल करणारा, तो परतीचे पाणी ५५ अंशांच्या खाली असेल तेव्हाच आपले काम नीट करतो. तेव्हा रेडिएटर गरजेपेक्षा मोठा घेणे हा येथे उधळेपणा नव्हे. काही विक्रेते वॉटऐवजी ताशी बीटीयू सांगतात. एका वॉटचे ३.४१ बीटीयू होत असल्यामुळे आकडा भारदस्त दिसतो, खोली तितकीच तापते.

मराठी गृहिणीची कसोटी या कोष्टकांत कुठेच नाही, आणि हा मानकाचा दोष मानावा लागेल. जानेवारीत विरजण लावलेले पातेले किंवा इडलीच्या पिठाचा डबा रेडिएटरवर स्थिर राहतो काय, हा तिचा प्रश्न असतो. जुन्या एकपदरी रेडिएटरचा माथा धारेसारखा अरुंद असल्याने त्याजवळ स्टूल मांडावे लागे. २२ क्रमांकाच्या माथ्यावर चांगली दहा सेंटिमीटर रुंद जाळी असते. खरेदीच्या वेळी नवरा वॉट वाचत असताना बायको हाताने जाळी दाबून पाहत असेल, तर दोघेही शास्त्रोक्तच वागत आहेत.

यानंतर मापाचा प्रश्न येतो, आणि बहुतेक अधिकारी येथेच नामोहरम होतात. जुने ब्रिटिश रेडिएटर इंचांत घडवलेले असत, नवे मिलिमीटरांत घडतात. ४८ इंच म्हणजे १२१९ मिलिमीटर. दुकानात मिळतो तो १२००चा. हे १९ मिलिमीटर म्हणजे जेमतेम अंगठ्याची रुंदी, परंतु जमिनीतून वर आलेल्या दोन तांब्याच्या नळ्या त्या अंगठ्याएवढ्याही जवळ यायला तयार नसतात, आणि त्यांना प्रेमाने वाकवण्याचा प्रयत्न केल्यास फरशीखालचा सांधा निसटतो. म्हणून माप रेडिएटरचे न घेता दोन नळ्यांच्या मध्यांमधले घ्यावे, आणि उरलेली फट भरायला मिळणारा पितळी जोडतुकडा पहिल्याच फेरीत विकत आणावा. तो रविवारी दुपारी चारनंतर आठवतो, आणि इंग्लंडमधली मोठी दुकाने रविवारी चारच्या सुमारास बंद होतात.

आता प्रत्यक्ष विसर्जन. यंत्रणा बंद करून पाणी निवू द्यावे. रेडिएटरच्या एका बाजूला अंक छापलेली थर्मोस्टॅटिक टोपी असते, जी खोलीच्या तापमानानुसार पाण्याची वाट आपोआप उघडते व मिटते. दुसऱ्या बाजूला साध्या झाकणाखाली लॉकशील्ड नावाचा व्हॉल्व्ह असतो, ज्याने पाण्याचा ओघ कायमचा ठरवून ठेवलेला असतो. लॉकशील्ड मिटताना किती फेरे बसले ते मोजून कागदावर लिहावे. तोच कागद थोड्या वेळाने पाणी टिपायला वापरला जातो, हे गृहीत धरून आकडा भिंतीवरही लिहावा. थर्मोस्टॅटिक टोपी शून्यावर फिरवली म्हणून वाट बंद झाली असे समजू नये, कारण थंडी फार वाढली की नळ्या गोठू नयेत म्हणून तो व्हॉल्व्ह आपणहून उघडतो. त्यावर सोबत मिळालेली प्लॅस्टिकची आवळटोपी चढवावी. मग एका पान्याने व्हॉल्व्ह स्थिर धरून दुसऱ्या पान्याने नट अर्धा फेरा सैल करावा. एकाच पान्यावर भागवणारा मनुष्य नटाबरोबर नळीही फिरवतो, आणि त्याचे पुढचे मार्गदर्शन या लेखाच्या कक्षेबाहेरचे आहे.

प्रथम काहीही होत नाही. नट सैल असून पाणी येत नाही, कारण वरून हवा आत गेल्याशिवाय खालून पाणी निघत नाही. म्हणून वरच्या कोपऱ्यातला हवेचा स्क्रू चावीने उघडावा, आणि उघडण्यापूर्वी खाली भांडे आहे याची खात्री करावी, नंतर नव्हे. मोठ्या दुपदरी रेडिएटरमध्ये सहा-सात लिटर पाणी असते आणि व्हॉल्व्ह जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो, त्यामुळे तिथे बादली मावत नाही, परात मावते, आणि परात दर मिनिटाला भरते. ‘अहो, भरत आली’ आणि ‘थांब, धरतो’ या दोन वाक्यांमधला अवकाश या विधीतला सर्वांत नाजूक काळ होय. येणारे पाणी पाण्यासारखे नसते. बंद यंत्रणेत पोलाद हळूहळू झिजून त्याची मॅग्नेटाइट नावाची काळी, अतिसूक्ष्म भुकटी होते. ती पाण्यात मिसळली की शाईसारखा द्रव तयार होतो, आणि फिक्या गालिच्यावरचा त्याचा डाग घरमालकाने ठेवून घेतलेल्या अनामत रकमेपेक्षा दीर्घायुषी ठरतो. पाणी थांबल्यावरही तळाशी पेलाभर उरतेच. रेडिएटर खुंट्यांवरून उचलताना तो ज्या बाजूला कलतो त्याच बाजूने हा पेलाभर गाळ बाहेर येतो, म्हणून खालची दोन्ही भोके बुचांनी बंद करून, रेडिएटर उलटा करून, भोके वर ठेवून तो दोघांनी बाहेर न्यावा. जिन्यावरून नेताना मागे चालणाऱ्याने पांढरा सदरा घालू नये.

प्रतिष्ठापनेबद्दल त्यामानाने थोडेच सांगायचे आहे. जुन्या खुंट्या नव्याला बसत नाहीत, हे सत्य स्वीकारून नवी भोके पाडावीत, आणि त्याआधी भिंतीत वीजतार किंवा नळी नाही हे शोधयंत्राने पाहावे. भिंत पोकळ प्लास्टरबोर्डची असल्यास आतला लाकडी खांब हुडकावा. मोठा २२ क्रमांकाचा रेडिएटर रिकामा असतानाच चाळीस किलोच्या आसपास भरतो. टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने आवळले जातात त्याच दिशेने गुंडाळावी, नाहीतर बसवताना ती सुटून झिरमिळ्या होतात. वरच्या उघड्या भोकातून, बूच लावण्यापूर्वी, गंजरोधक द्रव ओतावा. साधारण घराला लिटरभर पुरतो, आणि तो न ओतल्यास नवा रेडिएटरही यथाकाल शाईचा कारखाना काढतो. मग पाणी भरून थंड यंत्रणेचा दाब १ ते १.५ बार ठेवावा व पाणी भरण्याचा नळ आठवणीने मिटावा. हवेचा स्क्रू उघडल्यावर आधी फुस्स असा आवाज येतो, मग थुंकल्यासारखे थेंब, मग सलग धार. धार दिसताच स्क्रू बंद करावा.

शेवटी समतोलन, म्हणजे प्रत्येक लॉकशील्ड किंचित उघडून-मिटून पाणी सर्व खोल्यांत न्याय्य वाटणे. बॉयलरजवळचा रेडिएटर अधिक पाणी ओढतो आणि लांबच्या खोलीतला उपाशी राहतो. ते सुधारताना सासूबाईंची खोली तापली की मुलाची गार पडते, मुलाची तापवली की न्हाणीघर कुडकुडते, आणि कोणीतरी रात्री गुपचूप पाना घेऊन आपल्यापुरती दुरुस्ती करून जाते. या कामाला दोन-तीन संध्याकाळी राखून ठेवाव्यात आणि पाना कुलपात ठेवावा.

या साऱ्यात बॉयलरचे झाकण कोणीही उघडू नये. ब्रिटनमध्ये गॅसचे काम ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या माणसानेच करावे असा कायदा आहे, रेडिएटर बदलण्याला मात्र अशी नोंदणी लागत नाही. काळाविषयी शास्त्र निःसंदिग्ध आहे: हे कर्म मे ते ऑगस्ट या महिन्यांत करावे, कारण डिसेंबरात चूक झाली तर सबंध घर गारठते आणि मोकळा प्लंबर सापडत नाही. ज्यांच्या घरात रेडिएटर आहे अशा वाचकांनी तळाच्या शिवणीवरून एकदा बोट फिरवून पाहावे, आणि ते तपकिरी झाले तर याच उन्हाळ्यात फूटपट्टी घेऊन नळ्यांमधले अंतर मोजावे.