खोकला आणि वाघ

भाषेचं मानसशास्त्र शिकायला लोक विद्यापीठात जातात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत त्यासाठी एसटीचं तिकीट पुरतं.

मे महिन्यात चंद्रपूरहून मूलला निघालो होतो. चिचपल्लीच्या जंगलात मागच्या सीटवरचे एक आजोबा शेजाऱ्याला सांगत होते, “राती खिडकीतून वा–” इथे त्यांना जोरदार खोकला आला. “–आला, तवा कुठं झोप लागली!” अर्ध्या गाडीने ‘वाघ’ ऐकला. “कोन्या गावात जी?” “मोठा होता का?” कंडक्टरने तिकीट फाडणं थांबवलं. बिचारे आजोबा वाऱ्याबद्दल बोलत होते. खिडकीतून वाघ आल्यावर झोप कशी लागेल, हा प्रश्न एकालाही पडला नाही.

१९७० साली रिचर्ड वॉरेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ध्वनिमुद्रित वाक्यातला एक ध्वनी काढून तिथे खोकला बसवला. २० पैकी १९ जणांना काही गाळलंय असं वाटलंच नाही. विसाव्याला वाटलं, पण त्याने गाळलेला ध्वनी चुकीचा सांगितला. थोडक्यात, कान अर्धंच ऐकतो, उरलेलं डोकं आपल्या पदरचं घालतं. पुणेकरांच्या डोक्याने तिथे ‘वाहतूक’ घातली असती. आमच्याकडे वाघच येतो.

सिरोंच्याच्या बाजारात तर याहून मजा. भाजीवाली माझ्याशी मराठीत भांडते, पलीकडच्या गिऱ्हाइकाला हिंदीत झापते आणि पैसे मात्र तेलुगूत मोजते: “ओकटि, रेंडु, मूडु...” चार भाषा बोलणारा माणूसही हिशेब बहुधा लहानपणी ज्या भाषेत शिकला तिच्यातच करतो. मधेच मी “पन्नास दिले ना मावशी?” म्हटलं, की मोजणी पुन्हा ओकटिपासून. डोळे वटारायला मात्र तिला कुठलीच भाषा लागत नाही.

लहान पोरं याच्याही पुढची. आमची भाची म्हणते, “मी चित्र करलं.” घरात सगळे ‘केलं’ म्हणतात, तिला ‘करलं’ कोणी शिकवलं? कोणीच नाही. बसलं, हसलं, रडलं यांवरून बाईंनी स्वतःच नियम काढला. मुलं शब्द नुसते पाठ करत नाहीत, नियम शोधतात, हे जीन बर्को यांनी १९५८ साली एका काल्पनिक पक्ष्याचं चित्र दाखवून सिद्ध केलं. भाचीला दुरुस्त केलं, तर ती आपल्याकडे व्याकरण न येणाऱ्या माणसाकडे बघावं तशी बघते.

मोठ्यांचीही गंमत आहेच. समोरच्याला जवळ करायचं असलं की आपली बोली नकळत त्याच्याकडे सरकते. हॉवर्ड जाइल्स यांनी १९७०च्या दशकात याचा सिद्धांत मांडला. आमच्या काकांनी प्रात्यक्षिक केलं. पुण्याच्या व्याह्यांचा फोन आला, की काका एकदम “अगदी छान, आपली कृपा!” म्हणतात. आणि पलीकडून व्याही विचारतात, “काहून जी, तब्येत बरी हाय ना?”

फोन ठेवून काका काकूला म्हणाले, “मानूस चांगला हाये बा. आपल्यासारखाच बोलते.”